जुन्या लोखंडी ट्रॉलीतून जनावरांची गाडी



आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे ती तुमच्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यामागे, बाभळीच्या सावलीत उभी असेल. ट्रॅक्टरची जुनी, दोन चाकी, लोखंडी ट्रॉली. ऊस वाहून, शेणखत वाहून, विटा वाहून ती थकलेली असते. भंगारवाला दारावरून जाताना तिच्याकडे बघतो आणि आपणही मनात हिशेब करू लागतो. अशा वेळी घरातले कोणी तरी म्हणते, "अहो, विकता कशाला? बाजूंना दोन-दोन पाइप उभे करा, म्हणजे बैल न्यायला कामाला येईल." बोलणे खोटे नाही. अशी ट्रॉली जनावरे न्यायला खरोखरच उपयोगी पडते. पण नुसते पाइप उभे करून भागत नाही. ते कसे, हे मी आमच्याच घरच्या गोष्टीवरून सांगतो.

२००९ सालच्या पावसाळ्यात आमचा सर्जा नावाचा बैल पुढच्या पायाने लंगडू लागला. दवाखाना अकरा किलोमीटरवर. जुन्या ट्रॉलीच्या कडेला पाइप जोडून आम्ही ती जनावरांसाठी केली होती. तळाच्या पत्र्यावर रबराची चटई अंथरली होती, आणि आदल्या पोळ्याला मी स्वतः हौसेने तिला निळा रंग दिला होता. बघणाऱ्याला वाटावे, ट्रॉली नवी आहे. वाटेत एका मोरीवर धक्का बसला, बैल मागे सरला आणि त्याचा मागचा उजवा पाय चटईसकट तळातून खाली गेला. ट्रॅक्टरच्या आवाजात मला ते कळलेच नाही. मागे बसलेल्या पुतण्याने ओरडून सांगेपर्यंत चाळीसएक फूट ट्रॉली पुढे गेली होती. सर्जा वाचला, पण पुन्हा जुवाखाली आला नाही. दुखत होता पुढचा पाय, आणि आम्ही त्याचा मागचा घालवला.

संध्याकाळी चटई काढून पाहिली. तळाचा पत्रा मधल्या भागात पापडासारखा झाला होता. बोटाने मोडत होता. मी रंगवला होता तो फक्त दिसणारा भाग. थोरले काका एवढेच म्हणाले, "मडकं घेताना वाजवून घेतोस ना? मग हिला का नाही वाजवलंस?"

तेव्हापासून जुनी ट्रॉली समोर आली की मी पहिल्याने हातोडी घेतो. तुम्हीही तसेच करा. ट्रॉली रिकामी करून, खालून वरून धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवावी. मग लहान हातोडीने तळाचा पत्रा, त्याखालचे आडवे चॅनेल, दोन्ही बाजूंचे लांब चॅनेल आणि पुढचा दांडा वीतवीत अंतरावर ठोकत जावे. चांगले लोखंड टणटणते. गंजलेले भद्द आवाज करते. जिथे आवाज बसका येईल तिथे खडूने फुली मारावी आणि जुन्या पेचकसाने खरवडून बघावे. पेचकस आत घुसला, तर तो तुकडा कापूनच काढायचा. त्यावर रंग किंवा ठिगळ लावणे म्हणजे स्वतःला फसवणे. गंज बहुधा कुठे असतो ते सांगून ठेवतो: पत्रा आणि आडवे चॅनेल जिथे एकमेकांवर टेकतात त्या फटीत, हौद्याच्या चारही कोपऱ्यांत, आणि उभ्या पाइपांच्या बुडाशी. पाइप वरून उघडा असेल तर त्यात पावसाचे पाणी साठते आणि पाइप आतून कुजतो. म्हणून त्याचे वरचे तोंड बंद करावे आणि बुडाशी तीन सुताचे एक भोक पाडावे, म्हणजे आत शिरलेले पाणी निघून जाईल.

शिक्षक मित्रांनो, इथे तुमच्या वर्गाला एक धडा आहे. गंज म्हणजे काय? लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी, या तिघांच्या मेळातून तयार होणारे पाणीदार लोह-ऑक्साइड. तिघांपैकी एक काढून घ्या, गंज थांबतो. तीन परीक्षानळ्यांत स्वच्छ खिळे टाका. एकीत साधे पाणी. दुसरीत उकळून गार केलेले पाणी आणि वर तेलाचा थर, म्हणजे हवा आत शिरणार नाही. तिसरीत पाणी नाहीच. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइड टाकून तोंड बुचाने बंद. आठवडाभरात पहिल्या नळीतला खिळा तांबडा होतो, बाकीचे दोन तसेच राहतात. मी आणखी एक चौथी नळी सुचवीन: तिच्यात मीठ घातलेले पाणी घ्या. क्षारामुळे गंजाचा वेग वाढतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. जनावराच्या मुतात क्षार असतात, शेण ओल धरून ठेवते. गोठ्यातली ट्रॉली खडी वाहणाऱ्या ट्रॉलीपेक्षा लवकर का कुजते, याचे उत्तर त्या चौथ्या नळीत मिळेल. आणखी एक गोष्ट. गंज हा मूळ लोखंडापेक्षा निदान दुप्पट जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या फटीत तो तयार झाला की पत्रे पाचर ठोकल्यासारखे एकमेकांपासून सुटतात. म्हणून जोडापाशी पत्रा फुगलेला दिसला, तर आत काय चालले आहे ते न उघडताही समजावे.

गंजाइतकीच वाईट गोष्ट म्हणजे भेग. ती फार बारीक असते आणि धोक्याच्याच ठिकाणी असते: पुढचा ओढदांडा चौकटीला जोडलेला असतो तिथे, आणि कमानपाट्यांचे कान बसवलेले असतात तिथे. ती शोधायला फार खर्चाचे यंत्र लागत नाही. जोड तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, मग फडक्याने अगदी कोरडे पुसून वर खडूची पूड चोळावी. भेग असेल तर आत मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. शाळेतला खडू असा कामाला येतो.

भेग सापडली की तिच्यावरून वेल्डिंगचा एक हात फिरवून मोकळे व्हायचे नाही. भेगेचे टोक शोधून तिथे आधी एक बारीक भोक पाडावे, नाही तर ती जोडाखालून पुढे चालत राहते. मग भेग घासून खोलगट करावी, भरावी आणि वर ठिगळ द्यावे. ठिगळाची टोके चौकोनी न ठेवता चोचीसारखी निमुळती ठेवावीत; सरळ आडवा जोड दिला तर पुढची भेग नेमकी त्याच्या कडेने जाते. कमानपाट्याला आणि चाकाच्या कण्याला मात्र वेल्डिंग करू नये. पाट्याचे पोलाद खास कडक केलेले असते. उष्णता लागली की ते जोडाशेजारी ठिसूळ होते आणि भर रस्त्यात काडीसारखे मोडते. तुटलेला पाटा बदलायचाच.

वेल्डरकडे जाताना आणखी दोन-तीन गोष्टी. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून न्यावी. वेल्डिंगचा अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायला सांगावे. तो लांब लावला तर वीज चाकाच्या बेअरिंगमधून वाट काढते आणि रोळांवर खड्डे पडतात. महिन्याभराने बेअरिंग वाजू लागते आणि आपण ग्रीसला दोष देतो. हवा भरलेल्या चाकाच्या रिंगवर वेल्डिंग कधीच करू नये, टायर बॉम्बसारखा फुटतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर काम असेल तर मुलामा आधी घासून काढावा. त्या धुराने रात्री वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो. आणि पावसाळ्यात दमट झालेले रॉड वापरू देऊ नयेत. त्यांचा जोड वरून चांगला दिसतो, आत मात्र जाळीदार असतो.

आता चाके. बैलगाडीच्या काळात तुंब्यात वंगण घातल्याशिवाय गाडी वेशीबाहेर काढत नसत. वंगणाचे नळकांडे गाडीखाली लोंबत असायचे. ट्रॉलीचा हब बंद झाला आणि ते लोंबणारे नळकांडे गेले, त्याबरोबर आपली आठवणही गेली. मी कितीतरी ट्रॉल्या पाहिल्या आहेत, ज्यांच्या हबची टोपी घेतल्या दिवसापासून उघडलेली नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, ती उघडावी. समोरच्या चाकाला दगड लावावेत, ओढदांडा भक्कम ठोकळ्यावर टेकवावा, जॅकवर चाक उचलावे आणि कण्याखाली लाकडाचा ओंडका द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी ट्रॉलीखाली हात घालू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. खटखट वाजले तर ढिले आहे. फिरवून ऐकावे. जात्यासारखी घरघर आली तर बेअरिंगचे दिवस भरले.

हब काढल्यावर आतली दोन्ही बेअरिंगे रॉकेलमध्ये धुवावीत आणि रोळ उजेडात बघावेत. निळसर-काळे पडले असतील किंवा त्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसत असतील, तर बेअरिंग बदलावे आणि हबमध्ये बसलेली त्याची वाटीही बदलावी. जोडीतले एकच नवे घालून पैसे वाचत नाहीत. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यात दाबत राहावे. ते रोळांच्या मधून दुसऱ्या बाजूला वर येईपर्यंत. जुन्या ग्रीसमध्ये नवे मिसळू नये. बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळावा, चाक जड झाले की एक खाच मागे सोडावा आणि नवी दुफाटी पिन घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणारे लोक मी पाहिले आहेत. त्या पिनेची किंमत एका चहाहून जास्त नसते. नंतर आठ-दहा किलोमीटर चालवून हबला हात लावावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर नट जास्त आवळला आहे किंवा आत ग्रीस पोचलेले नाही.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असे समजू नये. ट्रॉलीला बहुधा ट्रकचे उतरवलेले टायर घालतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर उभ्या उभ्या म्हातारे होते. बाजूला बारीक भेगांचे जाळे दिसले तर नक्षी कितीही असो, जनावरांच्या गाडीला तो टायर नको.

आणि कमानपाटे. पुष्कळ ट्रॉल्यांना ते नसतातच. कणा थेट चौकटीला जोडलेला असतो. मातीला किंवा विटांना त्याचे काही वाटत नाही, पण जनावर उभे राहून प्रवास करते. प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्याच्या गुडघ्यात आणि खुरात जातो. बिनपाट्यांच्या ट्रॉलीतून जनावर न्यायचेच असेल तर शेतावरून गोठ्यापर्यंत न्यावे, बाजारापर्यंत नको. माझे मत विचाराल, तर अशी ट्रॉली बदल करायला निवडूच नये.

आता मुख्य काम, म्हणजे तळ. थोडा हिशेब करू. खिलारी बैल चारशे किलोचा धरा. उभा असताना प्रत्येक पायावर शंभर किलो येतात असे आपल्याला वाटते. पण ब्रेक लागला की त्याचे वजन पुढच्या दोन पायांवर जाते आणि तोल सावरताना क्षणभर एकाच पायावर येते. म्हणजे दोनशे-अडीचशे किलो, तेही तळहाताएवढ्या खुरावर. पाच पोती ज्वारी अंगणात ठेवणे वेगळे आणि तीच एका वीटभर जागेवर आदळणे वेगळे. सर्जाच्या ट्रॉलीने याच तळावर दोन टन विटा वाहिल्या होत्या आणि काही झाले नव्हते, कारण विटांचे वजन पसरलेले होते.

म्हणून जुना पत्रा दुखावलेला असेल तर तो पूर्ण काढून लाकडी तळ करावा, असे मी सांगतो. आडवे चॅनेल दीड-दीड फुटावर हवेत. मधले अंतर जास्त असेल तर आणखी चॅनेल घालावेत. त्यांवर लांबीच्या दिशेने दीड ते दोन इंच जाडीच्या, चांगल्या वाळलेल्या बाभळीच्या किंवा सागाच्या फळ्या टाकाव्यात. दोन फळ्यांमध्ये दोन सूत फट ठेवावी. मूत खाली निघून जाते आणि पावसात फुगणाऱ्या लाकडाला जागा मिळते. बोल्टची डोकी फळीत बुडलेली असावीत. वर आडव्या पट्ट्या फुटाफुटावर ठोकल्या की खूर घसरत नाही. लाकूडही कुजते, हे विसरू नये. दर सहा महिन्यांनी ट्रॉलीखाली आडवे होऊन प्रत्येक फळीत टोच्या खुपसून बघावा. रबराची चटई टाकायची असेल तर प्रत्येक फेरीनंतर ती उचलून, धुऊन, वेगळी वाळवावी. आमच्या चटईने सगळे झाकले आणि खाली ओल धरून ठेवली. चटई वाईट नाही, ती न उचलणे वाईट.

बाजूंना खालचे तीन-साडेतीन फूट बंद पत्रा असावा आणि वर पाइप. खाली फट राहिली तर बसलेल्या जनावराचा पाय बाहेर जातो. आतल्या बाजूला एकही बोल्टचे टोक, पत्र्याची धार किंवा तुटका हुक राहू देऊ नये. डोळे मिटून, तळहात फिरवत हौद्याच्या आत एक चक्कर मारावी; जिथे आपल्या हाताला लागेल तिथे बैलाच्या कातडीला लागणारच. कडेने काथ्याची चटई किंवा जुन्या टायरच्या पट्ट्या बसवाव्यात. वर पत्र्याचे छप्पर करू नये, उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापते. कमानीवर ताडपत्री टाकावी आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात.

किती जनावरे? प्राणी वाहतुकीचे १९७८ चे नियम मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेऊ देत नाहीत. सोबत माणूस हवा, तळ घसरता नसावा, गुरांबरोबर दुसरा माल नसावा आणि गुरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत, असेही त्यांत आहे. २०१६ पासून मोटार वाहन नियमांनी जागाही ठरवून दिली आहे: गाय-म्हशीला दोन चौरस मीटर, घोड्याला सव्वादोन, शेळी-मेंढीला ०.३, आणि मध्ये कायमचे आडोसे. आपली ट्रॉली दहा फूट लांब, सहा फूट रुंद धरली तर तिचा तळ सुमारे साडेपाच चौरस मीटर होतो. म्हणजे दोन बैल. तिसऱ्याला सहा मीटर लागतील, ते आपल्याकडे नाहीत. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेला घोडी घेऊन जाणाऱ्यांनाही हाच हिशेब: दोन. "जवळच तर जायचंय, कोंबा तिसरं," असे म्हणणारा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला ट्रॉलीत तिसरा म्हणून उभा करावा.

कागदपत्रांचेही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या दाखल्यात न बसणारा बदल परवानगीवाचून करता येत नाही. म्हणून हौदा कापण्याआधी नोंदणीचे पुस्तक घेऊन परिवहन कार्यालयात जाऊन यावे, आणि दुसऱ्याची जनावरे भाड्याने वाहायचा विचार असेल तर तेही तिथेच विचारून घ्यावे. जनावर प्रवासाला धड आहे असा पशुवैद्याचा दाखला आणि खरेदीची पावती जवळ असावी, कानातला बारा अंकी बिल्ला जागेवर असावा.

ट्रॉलीचा तोल हा विषय जुन्या माणसांना समजवावा लागत नाही. गाडी उलाळ झाली की धुरजड झाली, हे त्यांना बैलांच्या मानेवरून कळायचे. दोन चाकी ट्रॉलीचे तसेच आहे. ओझे चाकांच्या किंचित पुढे असावे, म्हणजे थोडे वजन ट्रॅक्टरच्या हुकावर राहते. सगळे मागे गेले तर ट्रॉली उलाळ होते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी पडतात आणि ट्रॉली सापासारखी वळवळू लागते. आपले हे ओझे तर आपल्या पायांनी मागे-पुढे जाणारे! म्हणून जनावराच्या छातीपुढे एक आणि मागे एक असे पक्के दांडे हवेत. सगळ्यांत मोठा धोका चढवताना असतो. ट्रॅक्टर न जोडता मागून बैल चढवला, तर त्याचे पुढचे पाय टेकताच ओढदांडा वर उडतो आणि ट्रॉली बैलासह मागे कलंडते. ट्रॅक्टर जोडलेला असावा आणि मागे दोन्ही कोपऱ्यांखाली टेकू असावेत. ट्रॉली उलटी होणारी असेल तर तिचा जॅक काढून हौदा चौकटीला बोल्टने कायम आवळून टाकावा. चुकून दांडी ओढली गेली तर काय होईल, ते मला सांगायला नको.

चढायला उतार हवा. कोणी कोणी मागच्या फाळक्याचाच उतार करतात. सहा फूट रुंद, आठ फूट लांब असा तीन मिलिमीटरचा पत्रा घेतला तर नुसत्या पत्र्याचेच वजन शंभर किलोच्या पुढे जाते, चौकट वेगळी. तो हातातून सुटला की पायावरच येतो. त्यापेक्षा लाकडी, दोन तुकड्यांचा, आडव्या पट्ट्या मारलेला उतार वेगळा ठेवावा. तळ तीन फूट उंच असेल तर उतार निदान नऊ फूट लांब असावा. घरच्या घरी याहून सोपा उपाय आहे: ट्रॉली बांधाला पाठ करून लावावी, किंवा चाकांसाठी वीतभर खोल चर खणावेत. उतार कमी होतो आणि फुकट होतो.

बांधताना वेसणीला बांधू नये. धक्का बसला तर नाक फाटते. म्होरकीला बांधावे, दावे आखूड ठेवावे, आणि निरगाठ न मारता सुरगाठ मारावी. जनावर पडले तर एका ओढीत सुटले पाहिजे. निरगाठ सोडायला विळा शोधेपर्यंत वेळ निघून जातो.

रंगाविषयी थोडे, पण महत्त्वाचे. गुरे लोखंड चाटतात. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि शिशाने गुरे आंधळी होतात, मरतात. जुन्या ट्रॉलीचा खालचा थर भडक शेंदरी दिसला तर तो शिशाचा असण्याची शक्यता धरावी. तो कोरडा घासून धूळ उडवू नये. ओला करून घासावा, खरवड गोळा करून गोठ्यापासून आणि विहिरीपासून दूर पुरावी. विटकरी रंगाचा रेड ऑक्साइड वेगळा, तो गेरूचाच भाऊबंद, म्हणजे लोहाचाच. घरगुती रंगांतल्या शिशावर २०१७ पासून मर्यादा आहे, पण कारखानी रंगांना तो नियम लागू नाही. म्हणून डब्यावर शिसे नाही असे लिहिलेले पाहूनच रंग घ्यावा. गंज पूर्ण काढून, कोरड्या दिवशी, त्याच दिवशी प्राइमरचा पहिला हात द्यावा. रात्रभर उघडे ठेवलेले लोखंड दवाने पुन्हा तांबडे होते. खालची बाजू दोन हात जास्त मागते. दिसत नाही म्हणून ती आपण सोडतो.

धुण्याचे म्हणाल तर, प्रत्येक फेरीनंतर ट्रॉली खालूनही धुवावी. बाजारातून आल्यावर लाळ्या-खुरकुताच्या भीतीने लोक ब्लीचिंग पावडर टाकतात. ती लोखंड खाते. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्याने धुतले तर लाळ्या-खुरकुताचा विषाणू मरतो आणि लोखंडालाही त्रास होत नाही. आधी शेण मात्र पूर्ण काढावे, त्याच्या थराखाली सोडा पोचत नाही.

रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेकचे पाय एकमेकांना अडकवावेत. शेतात ते सुटे असतात. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. दोन बैल आणि ट्रॉली मिळून दोन टन वजन उतारावर मागून ढकलते, म्हणून उताराच्या अलीकडेच खालचा गिअर टाकावा. हुकाच्या पिनेला काडी, आणि जोडीला एक साखळी. मागे लाल दिवा आणि चकाकणाऱ्या पट्ट्या. उसाच्या हंगामात अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो.

एवढे झाल्यावरही लगेच जनावर चढवू नये. आधी वाळूची आठ पोती, पन्नास-पन्नास किलोची, एकाच फळीच्या मध्यावर रचून दहा किलोमीटर फिरून यावे. हब हाताने बघावेत, चाकाचे नट पुन्हा आवळावेत, खडूची परीक्षा ओढदांड्यावर पुन्हा एकदा घ्यावी. मग ट्रॉली गोठ्याजवळच ट्रॅक्टरला जोडून, टेकू लावून उभी करावी, आत कडबा टाकावा आणि बैलाला त्याच्या मनाने चढू द्यावे. पहिल्या दिवशी तो अर्ध्यावरून परत येतो. आमच्या नव्या जोडीतला एक चौथ्या दिवशी चढला. तिथेच उभा राहून कडबा खाल्ला आणि खाली उतरला. पाचव्या दिवशी आम्ही त्याला गावाभोवती एक फेरी मारून आणले.